टॅब की किंडल? आधी पुस्तकांची यादी काढा

शेजारच्या काकूंच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठवड्याभरात त्यांच्या मुलाचा बंगळूरहून फोन आला. "दादा, आईला वाचायला काहीतरी घेऊन द्यायचंय. टॅब घेऊ की किंडल? वीस हजारांपर्यंत चालेल." मी विचारलं, "काकू हल्ली वाचतात काय?" पलीकडे शांतता. मग म्हणाला, "पुस्तकंच वाचते ना. म्हणजे, नक्की काय ते तिलाच विचारायला हवं."

बहुतेकांचं इथेच चुकतं. आपण इंच, जीबी आणि बॅटरी बघत बसतो, सेलमधली सूट बघून पैसे भरतो आणि खोका फोडल्यावर कळतं की आपल्याला हवं ते पुस्तक या यंत्रावर मिळतच नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला हा त्रास कमी होतो. मराठी वाचणाऱ्याचं मात्र सगळं गणित याच जागी अडतं.

म्हणून रविवारी सकाळी वही घेऊन काकूंकडे बसलो. येत्या सहा महिन्यांत वाचायची दहा नावं सांगा म्हटलं. त्यांनी सांगितली ती अशी: दोन दिवाळी अंक, गेल्या दोन वर्षांतल्या तीन कादंबऱ्या, एका नटाचं आत्मचरित्र, एक प्रवासवर्णन, हरिभाऊ आपट्यांची शाळेत असताना वाचलेली एक कादंबरी, नातीला वाचून दाखवायला साने गुरुजींचं एखादं पुस्तक आणि एक जाडजूड पाककृतींचं. मग चहा गार होईपर्यंत आम्ही एकेक नाव फोनवर शोधत राहिलो. किंडलच्या दुकानात तीन मिळाली. बुकगंगावर पाच, पण त्यातली दोन किंडलवर होतीच. हरिभाऊ आणि साने गुरुजी फुकटात सापडले. उरलेली दोन पुस्तकं फक्त छापील.

तुमची यादी वेगळी असेल, आकडेही वेगळे निघतील. पण अर्ध्या तासाचं हे काम केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

कुठलं दुकान कशावर उघडतं

किंडल हे वाचायचं यंत्र खरं, पण ते एका दुकानाचंच दार आहे. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर मराठी पुस्तकंही किंडलवर आणली. तेव्हापासून मराठी कपाट भरत गेलं, तरी ते सगळ्या प्रकाशकांचं नाही. बुकगंगाची ई-पुस्तकं बुकगंगाच्याच ॲपमध्ये उघडतात, आणि ते ॲप किंडलवर चढत नाही. गूगल प्ले बुक्सवर घेतलेलं पुस्तक आणि स्टोरीटेलवरची ऐकायची पुस्तकं यांचंही तेच. उलट टॅबवर ही चारही दुकानं चालतात, कारण टॅबसाठी किंडलचं ॲपही आहे आणि ते फुकट आहे. टॅब म्हणजे सगळ्या दुकानांची गल्ली, किंडल म्हणजे एक दुकान आणि त्याच्या मागच्या दाराने आपण आत सरकवू तेवढा माल.

हे मागचं दार उपयोगाचं आहे. स्वतःजवळची ईपब किंवा पीडीएफ फाइल किंडलवर पाठवता येते. त्यामुळे हक्क संपलेलं मराठी साहित्य तिथे वाचता येतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं संपली की पुस्तक सगळ्यांचं होतं. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. म्हणजे गुरुजींची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून मोकळी आहेत. मराठी विकिस्रोतावर अशी बरीच पुस्तकं आहेत आणि ती ईपब म्हणून उतरवता येतात. ई-साहित्य प्रतिष्ठान नव्या-जुन्या लेखकांची पुस्तकं फुकट देतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे जाडजूड ग्रंथ, बालभारतीची पाठ्यपुस्तकं हेही फुकट आहे, पण ते पीडीएफमध्ये. आणि पीडीएफ म्हटलं की पट्टी हातात घ्यावी लागते.

मी खरोखरच घेतली. आपली नेहमीची डेमी आकाराची कादंबरी साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. सात इंची किंडलचा पडदा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सात असला तरी, रुंदीला जेमतेम सव्वाचार आणि उंचीला साडेपाचच्या किंचित वर भरतो. म्हणजे पान बसवलं की प्रत्येक अक्षर एक तृतीयांशाने आक्रसतं. ए-फोर आकाराचं पाठ्यपुस्तक तर निम्म्यावर येतं. त्यातून पीडीएफ जुन्या पुस्तकाचं स्कॅन असेल तर रफार कुठला आणि कागदावरची सुरकुती कुठली, अनुस्वार कुठला आणि धुळीचा ठिपका कुठला, हे ओळखण्यातच संध्याकाळ जाते. अकरा इंची टॅबचा पडदा पावणेसहा बाय सव्वानऊ इंच. डेमी पान त्यात जसंच्या तसं मावतं.

"पीडीएफचं ईपब करून घेऊ" असं कुणी सुचवेल. इंग्रजीत ते बऱ्यापैकी जमतं. मराठीत एक जुनी अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधी आपली पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टांत जुळवली गेली. पडद्यावर पान सुंदर दिसतं, पण आत दडलेली अक्षरं रोमन चिन्हांची असतात. रूपांतर केलं की कादंबरीच्या जागी डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हांची रांगोळी उमटते. दिवाळी अंकांच्या पीडीएफमध्येही हा अनुभव येतो. तपासायची युक्ती सोपी: संगणकावर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. मराठी उमटली तर आशा आहे. काहीच उचललं गेलं नाही, तर ते नुसतं स्कॅन आहे.

खरा खर्च किती

आता पैशांचं. सध्याचा किंडल पेपरव्हाइट एप्रिल २०२५ मध्ये भारतात आला तेव्हा १६,९९९ रुपयांचा होता. कव्हर लागतंच; ते हजार-दीड हजाराला पडतं, ॲमेझॉनचं स्वतःचं घेतलंत तर दोन हजाराच्या आसपास. चार्जिंगची केबल खोक्यात येते, ॲडॉप्टर येत नाही, पण तो आता घरोघरी पडलेला असतो. म्हणजे साडेअठरा हजार धरा.

टॅबमध्ये अकरा इंची रेडमी पॅड एसई एप्रिल २०२४ मध्ये १२,९९९ पासून सुरू झाला होता. ॲपलचा साधा आयपॅड मार्च २०२५ मध्ये ३४,९०० ला आला. या दोन टोकांच्या मध्ये सॅमसंग, लेनोवो आणि इतर पुष्कळ आहेत. भाव हलत राहतात, त्यामुळे घेण्याच्या दिवशी पुन्हा बघा. पुस्तकं वाचण्यासाठी सिमचा टॅब नको, वाय-फायवाला पुरतो. तिथे दोन-तीन हजार वाचतात. नुसत्या वाचनासाठी आयपॅड घेणं म्हणजे भाजी आणायला इनोव्हा काढणं. घरात आधीच असेल तर मात्र दुसरं काही घेऊ नका.

विजेचा विचार सोडून द्या. टॅब वर्षभर रोज पूर्ण चार्ज केला तरी बारा-तेरा युनिट होतात, म्हणजे वर्षाचे शे-सव्वाशे रुपये.

मग ई-रीडरने पैसे वाचतात का? हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि उत्तर ऐकून लोक हिरमुसतात. समजा छापील पुस्तकापेक्षा ई-पुस्तक सरासरी शंभर रुपयांनी स्वस्त पडलं. साडेअठरा हजार वसूल व्हायला १८५ पुस्तकं विकत घ्यावी लागतील. महिन्याला दोन घेतलीत तर पावणेआठ वर्षं. आणि छापील पुस्तक वाचून झाल्यावर बहिणीला देता येतं, वाचनालयाला देता येतं, अगदीच नाही तर रद्दीत दोन पैसे येतात. ई-पुस्तकाचं यातलं काहीच होत नाही. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावरचा २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता. पैसे वाचवण्यासाठी ई-रीडर घेऊ नका. मी घेतला तो इंग्रजी पुस्तकांसाठी, आणि घरातल्या माळ्यावर जागा उरली नव्हती म्हणून.

किंडल अनलिमिटेड नावाची वर्गणी आहे, महिना पावणेदोनशेच्या आत-बाहेर, म्हणजे वर्षाला साधारण दोन हजार. त्यात मराठी पुस्तकंही आहेत. पण वर्गणी थांबली की पुस्तकं परत जातात, आणि तुम्हाला हवं ते पुस्तक त्या वर्गणीत असेलच असं नाही. तुमची दहांची यादी इथे पुन्हा काढा: त्यातली किमान चार वर्गणीत नसतील तर नाद सोडा आणि गावच्या वाचनालयाचे सभासद व्हा. त्याची वर्षाची वर्गणी बहुधा याहून कमी भरेल, आणि पुस्तक बदलायला जाताना चार पावलं चालणंही होतं.

बॅटरी, डोळे आणि नाक

किंडलच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, एका चार्जमध्ये बारा आठवडे. खालची बारीक अक्षरं वाचली तर दिसतं, रोज अर्धा तास वाचन, वाय-फाय बंद, दिवा मध्यम. बारा आठवडे रोज अर्धा तास म्हणजे ४२ तास. टॅब साधारण दहा तास चालतो. चौपट फरक आहे, पण "तीन महिने" आणि "एक दिवस" असा नाही. तुम्ही रोज तीन तास वाचत असाल तर किंडलही पंधरवड्याला चार्जरला लावावा लागेल. खेड्यात वीज जाते तिथे, किंवा नर्मदा परिक्रमेसारख्या लांबच्या वाटेवर, या फरकाला किंमत आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये फारशी नाही.

डोळ्यांबाबत दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. ई-रीडरच्या पडद्यावर शाईच्या बारीक कुप्या असतात, त्यात काळे आणि पांढरे कण. वीज लागली की हवे ते वर येतात आणि तिथेच थांबतात. कागदासारखा तो बाहेरच्या उजेडात दिसतो, म्हणूनच भर उन्हात गच्चीवर बसूनही वाचता येतं. टॅबवर तिथे स्वतःचाच चेहरा दिसतो. अक्षरंही जास्त रेखीव: किंडलवर इंचाला ३०० ठिपके, स्वस्त अकरा इंची टॅबवर दोनशेच्या आसपास. जोडाक्षरांनी भरलेल्या देवनागरीत हा फरक जाणवतो.

झोपेचं म्हणाल तर बोस्टनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास सगळीकडे सांगितला जातो: झोपण्याआधी चार तास आयपॅडवर वाचणाऱ्यांना कागदी पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा उशिरा झोप लागली. उशीर होता सरासरी दहा मिनिटांचा, आणि माणसं होती बारा. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण त्यावर सतरा हजार खर्च करण्याइतकं मोठंही नाही. रात्री टॅबचा उजेड उतरवा, पडदा पिवळसर करा. आणि लक्षात ठेवा, किंडलच्या कडेलाही आता दिवे असतातच.

वजनाचा मुद्दा मला जास्त पटतो. नवा पेपरव्हाइट २११ ग्रॅमचा, अकरा इंची टॅब पावणेपाचशेच्या घरात. उताणं पडून वाचणाऱ्याच्या हातून डुलकीत किंडल निसटला तर जाग येते. टॅब निसटला तर नाक सुजतं. स्वानुभव आहे.

नाजूकपणात मात्र ई-रीडर पुढे. बहुतेकांच्या पडद्यामागे काचेचा पातळ पत्रा असतो. खाली पडण्यापेक्षा दाबाने तो जास्त वेळा जातो. माझा पहिला ई-रीडर पुणे-मुंबई प्रवासात गेला. पाठीवरच्या सॅकमध्ये कव्हराशिवाय ठेवला होता, शेजारी स्टीलचा डबा. कर्जतला वडापाव घेऊन परत बसलो, सॅकला टेकलो, आणि उघडून बघतो तर वरच्या अर्ध्या पडद्यावर जुनं चित्र गोठलेलं आणि खाली काळ्या रेघा. फोनवर कंपनीने सांगितलं, दुरुस्ती होत नाही, नव्यावर सूट देऊ. टॅबची काच फुटली तर गल्लीतला मोबाइलवाला दोन-चार हजारांत बदलून देतो. घेताना अपघाताचा विमा मिळत असेल तर ई-रीडरसाठी तो घ्या, टॅबसाठी नको.

पुस्तक कुणाचं

विकत घेतलेलं ई-पुस्तक तुमच्या मालकीचं नसतं, वाचायची परवानगी असते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून रातोरात काढून घेतली होती, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले. त्यातलं एक '१९८४' होतं, हा योगायोग कुणाच्या नजरेतून सुटला नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तिथेही पैसे परत आले, पुस्तकं गेली. किंडलवर घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून ठेवायची सोयही २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. पुन्हा पुन्हा वाचायचं, मुलांच्या हाती द्यायचं पुस्तक कागदावर घ्या. एकदाच वाचायचं, प्रवासातलं, जाडजूड इंग्रजी रहस्य वगैरे पडद्यावर घ्या. मी तसंच करतो.

परदेशात राहणाऱ्यांसाठी हिशेब उलटा होतो. तिथे मराठी पुस्तक मागवायचं तर टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो, त्यामुळे ई-पुस्तकातली बचत खरी असते. अमेरिकेत असाल तर सार्वजनिक वाचनालयाची इंग्रजी पुस्तकं लिबी ॲपमधून थेट किंडलवर घेता येतात. ही सोय फक्त अमेरिकेतल्या वाचनालयांना आहे. तिथे शिकायला जाणाऱ्या भाचीला मी किंडलच घ्यायला सांगितलं, पण इथून नको, तिथे पोचल्यावर.

दोन्हींचं लग्न लावणारं तिसरं यंत्रही आहे: ई-शाईचा पडदा आणि आत अँड्रॉइड. बूक्ससारख्या कंपन्या ते बनवतात. त्यावर किंडल, बुकगंगा दोन्ही ॲप टाकता येतात. कागदावर उत्तर बिनचूक दिसतं. पण आपल्याकडे ते बहुतेक आयात होऊन येतं, किंमत किंडलच्या वर जाते, आणि बिघडल्यावर कुणाकडे न्यायचं हे विकणाऱ्याला आधी विचारून घ्यावं लागतं. हौस आणि पैसा दोन्ही असेल तर बघा.

जुनं यंत्र घ्यायला हरकत नाही, बघून घेतलं तर. जुन्या किंडलमध्ये आधीच्या मालकाचं खातं काढलेलं हवं. तुमच्या समोर, तुमच्या वाय-फायवर, तुमचं खातं जोडून दाखवायला सांगा आणि मगच पैसे द्या. हरवलेलं किंवा चोरीचं म्हणून नोंदलेलं यंत्र जोडलंच जात नाही. पूर्ण पांढरं पान उघडून कडेला बारीक रेघ आहे का ते बघा. जुन्या टॅबची बॅटरी तासभर व्हिडिओ लावून तपासा. तासात वीस टक्क्यांहून जास्त उतरली तर नको.

काकूंसाठी शेवटी अकरा इंची टॅब घेतला, वाय-फायवाला, खाली ठेवायला तीनशे रुपयांचा स्टँड. किंडल आणि बुकगंगा दोन्ही ॲप टाकली, अक्षरं मोठी केली. मुलाने प्रेमाने व्हॉट्सॲपही टाकून दिलं. पंधरा दिवसांनी विचारलं तर म्हणाल्या, "अरे, पाच पानं झाली की कुणाचातरी सुप्रभात येतो. मग त्याला फूल पाठवा, मग कुणाच्या नातवाचा फोटो बघा. पुस्तक कुठे होतं तेच आठवत नाही." टॅबचा हा दुर्गुण कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो आणि किंडलच्या सतरा हजारांतले निदान पाच हजार मी याच्या अभावासाठी मोजतो. व्हॉट्सॲप काढून टाकलं, ते फोनवर आहेच. सूचना बंद केल्या. यूट्यूबचं चित्र शेवटच्या पानावर ढकललं. त्यानंतर आत्मचरित्र चार दिवसांत संपलं.

यादीतली दोन पुस्तकं फक्त छापील होती, ती मी वाचनालयातून आणून दिली. पैकी पाककृतींचं जेवणाच्या टेबलावर उघडं पडलेलं असतं, पान १३२ वर हळदीचा अंगठा उमटलाय, आणि गुरुवारी ते परत करायचं आहे.